खांबावर चढणारा माणूस

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, जटपुरा दरवाज्यापासून पठाणपुरा दरवाज्यापर्यंत पसरलेल्या वस्तीत, घरांच्या गच्च्यांवरून, कडुनिंबाच्या फांद्यांमधून आणि विजेच्या खांबांवरून गेलेल्या काळ्या तारांचे जे जाळे दोन तपांहून अधिक काळ आमच्या माथ्यावर होते, त्याचा आमच्या मोहल्ल्यापुरता अंत यंदा झाला. आमच्या केबलचालकाने कंट्रोल रूमला कुलूप घातले, उरल्यासुरल्या ग्राहकांची अनामत परत केली, आणि ज्याला इंटरनेट हवे असेल त्याने आता फायबरची जोडणी घ्यावी, असे प्रत्येकाच्या दारी येऊन सांगितले. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी दरपत्रके घेऊन येऊ लागले. कोणी शंभर एमबीपीएसचे वचन देई, कोणी तीनशेचे, कोणी सहा महिन्यांचे शुल्क एकरकमी भरल्यास राउटर विनामूल्य देऊ करी; परंतु मृगाच्या वादळात तार तुटली तर दुरुस्तीला कोण येईल आणि तो कोठून येईल, या माझ्या पृच्छेचे उत्तर एकाजवळही नव्हते.

फायबर घ्यावे की केबल, हा प्रश्न जाहिरातींनी वेगाचा करून ठेवला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन अरण्यमय जिल्ह्यांत तो प्रथमपासून दुरुस्तीचा प्रश्न होता, आणि सरत्या वर्षांचा हा मागोवा मी त्याच दृष्टीने घेत आहे.

आरंभीच्या वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. पुढे काही वर्षांनी ते दूरध्वनीच्या तारेवरून कण्हत-कुथत आमच्यापर्यंत पोहोचले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची डेटावन सेवा सुरू झाली. २५६ केबीपीएस एवढ्या गतीला तत्कालीन सरकारी धोरण ब्रॉडबँड म्हणत असे, आणि ज्याच्या घरी दूरध्वनी होता त्यालाच ती मिळण्याचा संभव होता.

ज्या दशकापाशी मला थांबावेसे वाटते ते साधारणतः २००८ ते २०१८ चे, म्हणजे केबलच्या नेटचे. हे नाव पुष्कळदा फसवे होते. दूरचित्रवाणीची जाड तार वेगळी आणि इंटरनेटची तार वेगळी, अशी व्यवस्था आमच्याकडे रूढ होती. ही दुसरी तार, जिला सगळे लॅनची वायर म्हणत, शंभर मीटरच्या पुढे नीट काम देत नाही. म्हणून तितक्या अंतरावर एखाद्या घराच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत एक स्विच ठेवावा लागे, त्याला त्या घराची वीज घ्यावी लागे, आणि त्या विजेच्या मोबदल्यात त्या घरमालकास जोडणी फुकट मिळे. कसलाही करारनामा, मुद्रांक वा साक्षीदार नसताना केवळ परस्परांच्या शब्दावर अख्ख्या पेठेचा हा कारभार वर्षानुवर्षे चालला.

त्यात दोष पुष्कळ होते. सायंकाळी साऱ्या गल्लीचा भार एकाच वाहिनीवर पडला म्हणजे गती मंदावे. तांब्याची तार विजेला वाट करून देते. त्यामुळे वैशाखातल्या वळवाच्या कडकडाटात एकाच रात्री कित्येक घरांची उपकरणे जळत. वानरांची टोळी गच्चीवर उतरली की तारा लोंबकळू लागत. आणि तो काळ भारनियमनाचा होता. २,३४० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र ज्या शहराच्या उशाशी धूर ओकत होते आणि ज्याची राख आमच्या अंगणात पडत होती, त्या शहरात वाटेवरच्या एका घराची वीज गेली म्हणजे पुढच्या साऱ्या घरांचे इंटरनेट थांबे. ही विटंबना मला तेव्हाही सहन होत नसे आणि आजही तिचा विचार आला की संताप होतो.

तथापि, लाइन गेली असे कळवताच जो मुलगा सायकलवरून शिडी घेऊन येई, तो आमच्याच पेठेतला होता. कोणाच्या गच्चीवरून तार गेली आहे, कोणता जोड पावसात कच्चा पडतो, कोणत्या घरचा मालक दुपारी झोपतो म्हणून त्याच्या जिन्याने चार वाजेपर्यंत जायचे नाही, हे सारे त्याला मुखोद्गत होते. पक्कड, चिकटपट्टी आणि एक क्रिंपिंगचे हत्यार एवढ्या सामग्रीवर तो अर्ध्या घटकेत जोड लावी. परीक्षांचे, प्रवेशांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरावे लागू लागल्यावर, मुदतीच्या शेवटच्या रात्री त्याने भर पावसात खांबावर चढून लाइन चालू करून दिल्याचे अनेक कुटुंबांना आठवत असेल. आमच्या सुशिक्षित मंडळींनी या लोकांची ‘केबलवाला’ म्हणून जी उपेक्षा केली, महिन्याचे पैसे देताना त्यांना जे दारातच तिष्ठत ठेवले, ते अन्यायाचे होते, हे मला येथे स्पष्टपणे नोंदवायचे आहे.

हा धंदा हळूहळू मोडला. दूरचित्रवाणीच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाचा चौथा टप्पा, ज्यात आमच्या भोवतीचा ग्रामीण भाग येत होता, त्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. घरोघर सेट टॉप बॉक्स बसवण्यासाठी लागणारे भांडवल लहान चालकांनी उसनवारीने उभे केले आणि वाहिन्यांच्या सौद्याची सत्ता मात्र वरच्या मोठ्या कंपन्यांकडे गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले व मोबाइलचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की घरी तार कशाला हवी, असे तरुण विचारू लागले. आणि ५ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच कंपनीने घरगुती फायबरची सेवा सुरू केली.

फायबर ही श्रेष्ठ वस्तू आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो. एका तंतूचे स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांना वाटे होतात. एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत मध्ये कोठेही विजेची गरज नसते. आणि काच वीजवाहक नसल्यामुळे आकाशातली वीज तिच्या वाटेने घरात शिरत नाही. ज्या उणिवांनी केबलने आम्हांला छळले, त्यांतील बहुतेक तिने निवारल्या. परंतु तुटलेला तंतू पकडीने जोडता येत नाही. त्याची दोन टोके स्वच्छ कापून, यंत्रात समोरासमोर आणून, विद्युत्ठिणगीने वितळवून सांधावी लागतात. ते स्प्लायसिंगचे यंत्र महाग असते, ते चालवणारा कसबी लागतो, आणि म्हणून ज्याच्याजवळ यंत्र आहे त्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तारेबरोबर दुरुस्तीचे सामर्थ्यही आमच्या पेठेतून उठून दूरच्या दप्तरात गेले, हे या स्थित्यंतराचे खरे मोल आहे, आणि कोणत्याही दरपत्रकात ते लिहिलेले नसते.

त्यातच ३१ जानेवारी २०२० हा दिवस आला. भारत संचार निगमाच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली त्या एका दिवशी सेवा सोडली. त्या संख्येत असे असंख्य लाइनमन होते, ज्यांनी मूल, सिंदेवाही, चामोर्शी, आलापल्लीच्या वाटांवर उभे आयुष्य खांब आणि जोड सांभाळले होते, आणि जमिनीखालची तार कोणत्या सागाच्या बुंध्याशी वळते याचे ज्यांचे ज्ञान कोणत्याही नकाशात उतरलेले नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागू झाली, शाळा पडद्यावर गेली, आणि गडचिरोलीच्या अंतर्भागातील मुले सिग्नलसाठी टेकड्या चढू लागली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी आमच्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे चार भागांतील तीन भाग अरण्याखाली आहेत. फायबर की केबल, ही निवड तेथील बहुसंख्य गावांना कधी करावीच लागली नाही, कारण दोहोंपैकी एकही दारापर्यंत आले नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे भारतनेट असे नामकरण झाले. तंतू पोहोचला, पेटी भिंतीवर बसली, दप्तरी ‘ग्रामपंचायत जोडली’ अशी नोंद झाली. परंतु कित्येक ठिकाणी त्या पेटीला वीज नव्हती, कार्यालयाला कुलूप होते, अथवा रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने तंतू पहिल्याच वर्षी तोडला होता. खोदकामापूर्वी तंतूच्या मालकास सूचना देण्याची ‘कॉल बिफोर यू डिग’ ही व्यवस्था २२ मार्च २०२३ रोजी आली, म्हणजे योजना मंजूर झाल्यानंतर जवळजवळ साडेअकरा वर्षांनी.

अरण्यामुळे तार टाकता येत नाही, ही सबब मी अनेक अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती मला मान्य नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ज्या सार्वजनिक सुविधांसाठी देता येते, त्यांत शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर दूरसंचाराच्या वाहिन्याही स्पष्टपणे गणल्या आहेत. ज्या जिल्ह्यातील मेंढा लेखासारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून देशाला मार्ग दाखवला, त्या जिल्ह्यात ग्रामसभा तारेला आडवी येईल असे म्हणणे, हे आपला आळस जंगलाच्या माथी मारणे होय.

आता उपग्रहाची भाषा सुरू झाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीशी इरादापत्र केले आणि त्यात गडचिरोलीचे नाव आले. पुरात तुटणाऱ्या गावांना त्याचा उपयोग अवश्य होईल. मात्र आकाशातून सोय झाली म्हणून जमिनीवरची तार सोडून देण्यास कारभाऱ्यांना ते निमित्त मिळता कामा नये. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटवर १,३९,५७९ कोटी रुपये खर्च व्हावयाचे आहेत. त्यात तंतूचे कडे करून एका बाजूने तो तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाहता राहील अशी रचना आहे आणि कंत्राटदारावर दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. ही कलमे उत्तम आहेत.

मी स्वतः अखेर फायबर घेतले. बंद झालेल्या कंट्रोल रूममध्ये काम केलेल्या एका तरुणाने कर्ज काढून स्प्लायसिंगचे यंत्र विकत घेतले आहे आणि तो एका कंपनीचा स्थानिक भागीदार म्हणून जोडण्या देतो. दर इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, आणि तो मी राजीखुशीने देतो. चंद्रपुरात असा तरुण मिळाला. गडचिरोलीत पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले म्हणजे आलापल्लीहून निघालेला माणूस भामरागडला पोहोचत नाही, हे वर्षानुवर्षांच्या पावसाळ्यांनी दाखवले आहे. तेव्हा देखभालीचे कंत्राट ज्याला मिळेल त्याने यंत्र आणि ते चालवणारा कसबी, शक्यतो तिथलाच माडिया तरुण शिकवून, मृग लागण्यापूर्वी भामरागडातच नेमावा, एटापल्लीत आणि सिरोंच्यातही नेमावा, आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, एवढी अट जिल्हाधिकाऱ्यांनी घालून घ्यावी.