एलिगंट : शब्दाचा अर्थ आणि त्याचं कूळ

'एलिगंट' हा इंग्रजी शब्द आपण आता साडीला लावतो, बंगल्याला लावतो, मोटारीलाही लावतो. मराठीत काय म्हणाल, असं विचारलं तर कुणी 'मोहक' म्हणतं, कुणी 'डौलदार'. चूक एकही नाही. पण दोन्ही शब्द दिसण्याविषयी बोलतात, आणि मूळ शब्द दिसण्याविषयी नव्हताच.

इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. फ्रेंचला मिळाला लॅटिनकडून. तिथे 'लेगेरे' म्हणजे वेचणे, आणि 'एलिगेरे' म्हणजे अनेकांतून वेचून बाहेर काढणे. 'एलेगान्स' हा त्याच कुळातला; म्हणजे निवड करणारा. 'इलेक्शन'सुद्धा याच घरचं. आपल्याकडे पाहा, निवडणे आणि निवडणूक! तांदूळ निवडणारी आजी नि मत देणारा नागरिक, क्रियापद एकच. (जाता जाता : लेगेरेचा दुसरा अर्थ वाचणे. त्यातूनच 'लेक्चर' आलं, जे तुम्ही आत्ता सोसताय.)

आता, निवड करणारा चांगला की वाईट? दुसऱ्या शतकातला रोमन लेखक औलुस गेल्लियुस सांगतो की, थोरल्या कातोच्या काळापर्यंत (इ.स.पू. २३४ ते १४९) एलेगान्स हे दूषण होतं. कातोच्या लेखनात हा शब्द उधळ्या आणि हावरट माणसांच्या पंगतीला बसलेला आहे. कपड्यालत्त्यात, खाण्यापिण्यात नको इतकी निवड करणारा नखरेल माणूस, असा त्याचा अर्थ. पुढे तो स्तुतीचा झाला, पण सरसकट नव्हे. सिसेरोनं क्रासुस आणि स्कायव्होला या दोघांना वाखाणलं, तेव्हा या गुणाच्या जोडीला काटकसर मुद्दाम ठेवली.

हा दुहेरीपणा आपल्या 'चोखंदळ' शब्दात अजून जिवंत आहे. 'चोखंदळ वाचक' ही शाबासकी असते. 'पोरगा जेवायला फार चोखंदळ आहे' ही आईची तक्रार असते. निवडण्याची क्रिया तीच. निवडतो तो विवेकानं की मिरवण्यासाठी, एवढाच प्रश्न, आणि आमच्या मते नीतिशास्त्राचा बराच भाग याच प्रश्नात येतो.

गणितवाले मात्र हा शब्द जुन्या इमानानं वापरतात. १ ते १०० ची बेरीज करायची आहे. एकेक आकडा मिळवत गेलात तर ९९ वेळा बेरीज करावी लागेल. त्याऐवजी १ आणि १००, २ आणि ९९ अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडी १०१, जोड्या ५०. उत्तर ५०५०. याला ते एलिगंट म्हणतात. यात सजावट काहीच नाही. अनेक वाटांतली एक वाट नेमकी वेचलेली आहे, बाकी सगळं गळालं.

दुकानाच्या पाटीवर 'एलिगंट कलेक्शन' लिहिलेलं असतं, तिथे निवड दुकानदारानं आधीच केलेली असते. आपण पैसे मोजतो. मराठी प्रतिशब्द द्यायचाच झाला तर आम्ही 'नेटका' सुचवू. नेटकं अक्षर, नेटका संसार. वेचण्याचा अर्थ त्यात थेट येत नाही हे खरं, पण नेटका संसार चाळीतल्या दोन खोल्यांतही होत असे.