बंद दरवाजा: आपल्याकडे शवपेटी आली कुठून?

कसारा लोकलमध्ये असाल किंवा मुरबाडच्या एसटीत, हेडफोन नीट लावा. आज हिंदी सिनेमातल्या एका रक्तपिपाशाची गोष्ट.

सिनेमा १९९० चा, 'बंद दरवाजा'. दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. ठाकुराच्या बायकोला मूल होत नाही, मोलकरीण तिला काळ्या पहाडीवर नेवलाकडे पाठवते. नेवलाची अट अशी, की मुलगा झाला तर तुमचा, मुलगी झाली तर माझी. हा नेवला शवपेटीत झोपतो, वटवाघूळ होतो, रक्त पितो. म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ड्रॅक्युलाचा देशी चुलतभाऊच. ही भूमिका अनिरुद्ध अग्रवाल यांची. धिप्पाड माणूस, आणि शिक्षणाने रुरकीचा इंजिनिअर!

रामसेंचं काम घरचंच. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक एडिटिंगला. मोठा स्टुडिओ नाही, मोठा हिरो नाही. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन उरकला. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण छोट्या गावांच्या थिएटरांत हे सिनेमे तुफान चालले. १९८४ चा 'पुराना मंदिर' तर त्या वर्षीच्या मोठ्या हिट सिनेमांत गणला जातो. पुढे परदेशातल्या भयपटवेड्यांसाठी 'बंद दरवाजा'ची खास डीव्हीडीही निघाली. इथे 'बी ग्रेड' म्हणून हिणवलेला सिनेमा तिकडे संग्रहात ठेवण्यासारखा ठरला.

पण मला प्रश्न पडतो तो शवपेटीचा. शहापूर-मुरबाडकडे बहुतेक घरांत माणूस गेला की चिता पेटते. देहच उरला नाही तर रात्री उठणार कोण? म्हणून आपली भुतं वेगळी. हडळ, मुंजा, खवीस. स्वतःचं शरीर नाही, म्हणून ती दुसऱ्याला 'लागतात'. प्रेतात राहणारा वेताळ आहे, तर तो रक्त पिण्याऐवजी कोडी घालतो. तरी १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीचा इंग्रजी अवतार काढला, तेव्हा वेताळाला थेट 'व्हॅम्पायर'च करून टाकलं. आणि वटवाघळांना उगाच घाबरू नका हं. रक्त पिणाऱ्या जाती फक्त मेक्सिको ते दक्षिण अमेरिकेत. आपली बहुतेक खातात फळं, नाहीतर किडे.

आता खरी मेख इथे आहे. नेवला ओळखायला सोपा, लाल डोळे, सुळे, काळा झगा. हा राक्षस, संपलं. पण 'लागणारं' भूत दिसत नाही. मग गावात पोर आजारी पडलं, म्हैस आटली, की विचारतात, 'केलं कोणी?' आणि बोट जातं जिवंत माणसाकडे. बहुतेक वेळा म्हाताऱ्याकडे, एकट्या बाईकडे, ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही त्याच्याकडे.

मार्च २०२४ मध्ये हे आपल्या मुरबाड तालुक्यातच झालं. केरवेळे गावात सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना करणीच्या संशयावरून घरातून ओढून नेलं आणि जळत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं. पाय भाजले. व्हिडिओ मोबाईलवर फिरला, गुन्हा दाखल झाला. मी तो व्हिडिओ शेअर करणार नाही, तुम्हीही करू नका.

रामसेंमुळे हे घडलं असं मी अजिबात म्हणत नाही, करणीचा संशय सिनेमापेक्षा कितीतरी जुना आहे. उलट नेवला बघून पोरं घाबरतात, हसतात आणि घरी जाऊन जेवतात. सिनेमा संपला की भीतीही संपते. कुजबुजीतली भीती मात्र कोणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते.

त्यासाठी कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. अमका करणी करतो, भूत लावतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं सांगून कोणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. आजोबांसारखं कोणाचं नाव गावात कुजबुजलं जाताना ऐकलंत, तर निखारे पेटायची वाट बघू नका, आधीच पोलीस ठाण्यात कळवा.