बारावीनंतरचे तीन महिने: अठरा वर्षांच्या मला काय सांगेन



या विषयावरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात हिशोब जरा घाईत सांगितला गेला, म्हणून इथे निवांत लिहितोय.

पेणला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मे-जूनमध्ये बारावी झालेल्या पोरांची काउंटरवर रांग लागते. दाखल्यांच्या झेरॉक्स काढता काढता एक प्रश्न हमखास येतो, "दादा, खरं सांगा, बीबीए करू की थेट धंद्यात उतरू?" आणि मी गागोदे बुद्रुकचा आहे हे माहीत असेल तर एखादा चुणचुणीत पोरगा पुढे जोडतो, "तुमच्या गावच्या विनोबांनी तर सर्टिफिकेटं जाळली होती की!"

जाळली होती, खरंय. पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. विनायक नरहरी भावे, जन्म ११ सप्टेंबर १८९५, आमच्या गागोद्यात. वडिलांची नोकरी बडोद्याला, म्हणून पुढचं शिक्षण तिकडे. १९१३ ला मॅट्रिक. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसले, मध्येच सुरतला उतरले आणि काशीची गाडी पकडली. सर्टिफिकेटं त्याआधीच घरच्या चुलीत गेली होती. आईने विचारलं, आत्ता लागत नसतील तरी जाळायची कशाला? तर उत्तर असं की पुढे कधी नोकरीचा मोहच व्हायला नको.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बघा. ७ जून १९१६ ला ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात पोचले आणि पुढच्याच वर्षी एक वर्षाची रजा घेऊन वाईला गेले. कशाला? संस्कृत शिकायला! वाईत विद्यार्थी जमवून वाचनालय चालवलं आणि पुस्तकांच्या पैशासाठी त्यांनी लोकांची दळणं दळली. रजेत काय वाचलं, कोणाला काय शिकवलं, किती चाललो, काय खाल्लं, हा सगळा जमाखर्च गांधीजींना पत्राने कळवला. रजेचं वर्ष संपलं तसे परत आश्रमात हजर.

म्हणजे त्यांनी परीक्षा सोडली, शिकणं नाही सोडलं. आणि शिकण्याचा हिशोब ठेवला. मी बरोबर उलटं केलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं आणि शिकणं सोडलं. (जाता जाता: ओरिजिनल मार्कशीट लॅमिनेट करू नका, पडताळणीला अडचण होते. मी दुकानात कोणाची करून देत नाही.)

२००७ ला बारावी कॉमर्स झालो. मार्क ठीकठाक. बीबीए म्हणजे 'बिझनेस' शिकवतात, पुण्याला जायचं, एवढंच डोक्यात. फीसाठी आईच्या बांगड्या सोसायटीत गहाण पडल्या. तीन वर्षांची फी, रूम, मेस, एसटी धरून पावणेदोन लाखांच्या घरात खर्च आला असेल. 'असेल' म्हणतोय, कारण मी लिहून ठेवलाच नाही. धंदा शिकायला गेलेला माणूस, आणि स्वतःचा खर्च माहीत नाही!

वर्किंग कॅपिटलची व्याख्या मला आजही पाठ आहे. त्या पेपरला चांगले मार्क होते. २०१२ ला दुकान टाकलं, जूनच्या सीझनला वह्या-पुस्तकांचा माल भरला, ओळखीपाळखीत उधारीवर दिला आणि ऑगस्टमध्ये होलसेलरला द्यायला गल्ल्यात पैसे नव्हते. माल विकला गेलेला, नफा वहीत दिसतोय, हातात मात्र काही नाही. तेव्हा कळलं, वर्गात सर फळ्यावर जे लिहीत होते ते हेच होतं. बांगड्या सुटायला २०१४ उजाडलं. आई कधी काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागतं.

दोष कॉलेजचा नव्हता. मी रिकाम्या डोक्याने गेलो होतो. माझ्याकडे एकही स्वतःचा प्रश्न नव्हता, मग उत्तर समोर आलं तरी ओळखणार कसं?

म्हणून अठरा वर्षांच्या मला पहिलं हे सांगेन. अरे, परीक्षा संपल्यापासून ॲडमिशनपर्यंत तीन महिने आहेत. कुठल्या तरी काउंटरमागे उभा राहा. पगार मिळो न मिळो. पेणमध्ये राहून तुला दुसरीकडे शोधायचीही गरज नाही, गणपतीचे कारखाने आहेत. माती, प्लास्टर, रंग, कारागिरांची मजुरी हा पैसा वर्षभर आधी जातो आणि मोठी वसुली येते ती गणपतीच्या तोंडावर. मधले महिने कारखानदार कसे काढतो? ॲडव्हान्स किती घेतो, कर्ज किती काढतो, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला उधारी किती देतो? हे आठ दिवस डोळ्यांनी बघ. मग कॉलेजात वर्किंग कॅपिटलचं लेक्चर सुरू झालं की तू शेवटच्या बाकावर झोपणार नाहीस.

दुसरा हिशोब ब्रेक-ईव्हनचा. समजा झेरॉक्सचं दुकान आहे. भाडं, वीज आणि मशीनचा हप्ता मिळून महिन्याला १२,००० रुपये. एक पान २ रुपयांना, कागद आणि टोनर ८० पैसे. पानामागे उरले १ रुपया २० पैसे. १२,००० भागिले १.२० म्हणजे १०,००० पानं. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज साधारण ३८५ पानं काढल्यावर ना नफा ना तोटा. त्यात तुझा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही! मी दुकान टाकलं तेव्हा हा आकडा काढला नव्हता. ज्या कोणाला दुकान टाकायचंय त्याने आज रात्री आपल्या धंद्याचा काढावा, जेवणानंतर वीस मिनिटं लागतात.

आता मूळ प्रश्न. धंद्याला डिग्री लागते का? कर्जासाठी म्हणाल तर, पीएमईजीपीमध्ये उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर अट आठवी पासची आहे. बीबीएची नाही. बँक आधी तुमचा सिबिल आणि व्यवहार बघते. आणि इथेच एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही: एज्युकेशन लोन हे तुमच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं कर्ज असतं. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, हप्ते शिक्षण संपून साधारण वर्षाने सुरू होतात, म्हणून ते फुकट असल्यासारखं वाटतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. त्याचे हप्ते थकवले की पाच वर्षांनी दुकानासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा तो डाग समोर येतो. कर्ज घ्या, बिनधास्त घ्या, पण व्याज शिकतानाच भरता आलं तर भरा.

मग जाऊ नका का? तसंही म्हणत नाही. पुण्यात मला इंग्रजीत पत्र लिहायला जमलं, अनोळखी माणसाशी बोलायची भीती गेली, आणि आज माझा स्टेशनरीचा निम्मा माल ज्याच्याकडून येतो तो होलसेलर माझ्या रूमवरचा मित्र आहे. हे पेणला बसून मिळालं नसतं. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजनाही होती, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची. माझ्या वर्गातले दोघे त्यात काम करून मेसचा खर्च काढायचे. मला लाज वाटायची. कसली लाज, आज विचारलं तर सांगता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण जूनमध्ये रडणारी पोरं बघवत नाहीत. २०२४ पासून राज्यात बीबीए, बीएमएस, बीसीएला सीईटी आली. पहिल्या वर्षी कित्येकांना पत्ताच नव्हता, शेवटी जादा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा बारावीच्या अभ्यासातच सीईटी सेलच्या वेबसाइटवर डोळा ठेवा. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, तो एप्रिल-मेमध्येच सेतूत टाका. डोमिसाईल आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरही तेव्हाच. मुलींनी २०२४ चा शासन निर्णय नक्की विचारावा: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे. आपलं कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे ॲडमिशनच्या आधी लेखी विचारा.

आणि सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर 'गणेश', मार्कशीटवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, दाखल्यावर दुसऱ्याने. ही तीन कागदं आज रात्री शेजारी शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर मे महिन्याच्या आत दुकानात या, अर्ज कसा करायचा ते दाखवतो. जूनमध्ये मात्र मला बोलायला वेळ नसतो, तेव्हा रोजची ३८५ पानं दुपारपर्यंतच होतात.