वय बारा, पदवी एम.एस्सी.

2010 मध्ये मुंबईच्या आयआयटीत पदार्थविज्ञानाचे एक सहायक प्राध्यापक रुजू झाले. वय अवघे बावीस. बिहारच्या तथागत अवतार तुलसी यांनी दहाव्या वर्षी बी.एस्सी., बाराव्या वर्षी एम.एस्सी. आणि एकविसाव्या वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पीएच.डी. मिळवली होती. पुढे आजारपणामुळे रजा लांबली आणि 2019 मध्ये ती नोकरी संपली.

ऑस्ट्रेलियाच्या टेरेन्स टाओची चाल वेगळी होती. नवव्या वर्षी तो विद्यापीठात गणिताच्या तासांना बसू लागला, पण बाकीचे विषय शाळेतच शिकला. आई-वडिलांनी पूर्णवेळ विद्यापीठाची घाई केली नाही. तरीही विसाव्या वर्षी त्याने प्रिन्स्टनची पीएच.डी. मिळवली. 2006 मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळाले.

अशी मुले गणित, संगीत आणि बुद्धिबळात जास्त दिसतात. या क्षेत्रांत नियम पक्के असतात आणि आयुष्याचा अनुभव फारसा लागत नाही. इतिहास किंवा वैद्यकशास्त्रात मात्र अनुभवाला पर्याय नसतो. शिवाय एकाच मुलाची सगळी वाढ एका वेगाने होत नाही: बीजगणितात तो कॉलेजच्या पातळीवर असेल, पण मधल्या सुट्टीत त्याला खेळायला स्वतःच्या वयाचेच मित्र हवे असतात.

आपल्याकडे अडते ते प्रमाणपत्रापाशी. मुंबईच्या मालविका जोशीने शाळा सोडून घरीच अभ्यास केला आणि आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके पटकावली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार बंद होते. 2016 मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला.

घाई न करता घडलेल्या गणितज्ञाची खूण मात्र जवळच आहे: जळगाव जिल्ह्यात, भडगावच्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीला एक शिलालेख आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. खुद्द भास्कराचार्य वडील महेश्वर यांच्याकडे शिकले, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण झाला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते.

याच भागातल्या गिरणा नदीकाठच्या एखाद्या पोराला गणिताचे पुस्तक महिनाभरात संपत असेल, तर त्याला दोन इयत्ता वर चढवण्याआधी करता येण्याजोगे बरेच आहे. गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते. तिचा अभ्यासक्रम शालेय पातळीचाच असतो, पण एकेका प्रश्नाशी तासन्‌तास झुंजावे लागते. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर विद्यापीठांचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. हे सगळे वर्गातले मित्र न सोडता जमते.