विश्लेषण : लिनक्सवर यूएसबी वाय-फाय का चालत नाही? उपाय काय?

विंडोज १० ची मुदत संपल्यानंतर जुने डेस्कटॉप संगणक भंगारात न काढता त्यावर लिनक्स टाकण्याकडे कल वाढतो आहे. पडदा, कीबोर्ड, प्रिंटर सुरू होतात. पण विंडोजवर वर्षानुवर्षे चाललेला यूएसबी वाय-फाय डोंगल एकाएकी मुका होतो. डोंगल बिघडला असे समजून दुसरा आणला जातो आणि कधी कधी तोही चालत नाही. अडचण बहुतेक वेळा डोंगलच्या आतील चिप आणि लिनक्सचा ड्रायव्हर यांच्या जुळणीची असते.

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक वाटेतच अडले.

नागपूरपासून वर्धा मार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न लहान उद्योगांना थेट भिडतो. गेटची नोंद, मालाचा साठा, ई-वे बिल, ई-मेल ही कामे जुन्या डेस्कटॉपवर सहज होतात आणि त्यातील बरीचशी ब्राउझरमध्येच होत असल्याने लिनक्सवरही चालतात. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेले आहे. ते ज्या संगणकावर आहे त्याचा विचार वेगळा करावा लागेल. जुन्या डेस्कटॉपमध्ये सहसा वाय-फाय नसते. राउटर कार्यालयात आणि संगणक गोदामात असला की डोंगलशिवाय इलाज नसतो. तोच चालला नाही, तर संगणक वाचवूनही उपयोग होत नाही.

अडचण नेमकी कुठे असते?

डोंगलवर नाव एका कंपनीचे असते आणि आतील चिप दुसऱ्या कंपनीची. रिअलटेक आणि मीडियाटेक ही त्यातील नेहमीची नावे. त्या चिपशी कसे बोलायचे हे संगणकाला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो कंपनी देते. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतो. कर्नलला चिप ओळखीची असेल तर डोंगल लावताक्षणी चालतो. ओळखीची नसेल तर काहीच घडत नाही.

म्हणून खोक्यावरचे नाव पुरेसे नसते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल याचे ठळक उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची वेगळी चिप आली. नाव तेच, पण लिनक्सच्या दृष्टीने वस्तू निराळी.

तपासणी कुठून सुरू करावी?

पहिला प्रश्न : संगणकाला डोंगल दिसतो का? टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करावीत. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. डोंगल काढून एकदा आणि लावून एकदा हा आदेश दिला, की वाढलेली ओळ डोंगलची. ओळ वाढलीच नाही, तर डोंगल पुढच्या पोर्टमधून काढून संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावावा. पुढचे पोर्ट आतील तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती तार सैल झालेली असू शकते. दुसऱ्या संगणकावरही डोंगल दिसत नसेल, तरच तो खराब मानावा.

त्या ओळीत चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात : पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. चिपची खरी ओळख पटवायला हेच क्रमांक उपयोगी पडतात. ‘०बीडीए’ हा रिअलटेकचा क्रमांक. ‘१४८एफ:७६०१’ म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू चिप. मदत मागताना डोंगलचा फोटो पाठवण्याऐवजी हा क्रमांक सांगितला, तर उत्तर लवकर मिळते.

‘०बीडीए:१ए२बी’ असे दिसले तर गंमत वेगळीच असते. काही डोंगल आधी सीडी असल्याचे सोंग घेतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. विंडोजवर ड्रायव्हर बसला की डोंगल आपल्या खऱ्या रूपात येतो. लिनक्सवर हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्रॅम करतो. फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती सीडी ‘इजेक्ट’ केली तरी अनेकदा काम होते.

डोंगल दिसतो, तरी वाय-फाय नाही?

आधी वाय-फाय बंद तर केलेले नाही ना, हे नेटवर्कच्या मेनूत पाहावे. ते चालू असेल तर शक्यता दोन : ड्रायव्हर नाही किंवा फर्मवेअर नाही. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत भरायची फाइल. ड्रायव्हर असला तरी तिच्याशिवाय चिप जागी होत नाही. डोंगल लावल्यावर लगेच ‘सुडो डीमेसेज’ (एस-यू-डी-ओ, मग जागा सोडून डी-एम-ई-एस-जी) हा आदेश दिल्यास कर्नलच्या नोंदी दिसतात. शेवटच्या ओळींत फर्मवेअर लोड न झाल्याची तक्रार असेल, तर लिनक्स फर्मवेअरचे पॅकेज बसवावे. डेबियनने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइल इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या आवृत्त्यांत त्या वेगळ्या घ्याव्या लागत.

नोंदीत डोंगल जोडल्याचा उल्लेख आहे, पण पुढे काहीच नाही, असे असेल तर ड्रायव्हर नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे नवे कर्नल. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू या यूएसबी चिपसाठीचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये, २०२३ साली आला. लिनक्स मिंट २१ मूळ ५.१५ कर्नलवर होते, तर मिंट २२ मध्ये ६.८ आहे. म्हणजे जो डोंगल जुन्या मिंटवर मुका होता, तो नव्यावर काहीही न करता चालू शकतो. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ हा पर्याय असतो.

पण हे सारे उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वाय-फाय! हा पेच मोबाइलने सुटतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते. फक्त चार्जिंगची केबल मात्र इथे चालत नाही.

बाहेरचा ड्रायव्हर टाकावा का?

नव्या कर्नलनेही भागले नाही, तरच. बाहेरून घेतलेला ड्रायव्हर एका कर्नलसाठी तयार होतो. अपडेटनंतर कर्नल बदलले की वाय-फाय पुन्हा जाते. ‘डीकेएमएस’ ही सोय वापरली, तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप नव्याने तयार होतो. तरीही कर्नलमधील मोठ्या बदलांनंतर जुना ड्रायव्हर तयारच होत नाही, असेही घडते.

दुसरी मेख ‘सिक्युअर बूट’ची. ही सुरक्षा चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर लिनक्स नाकारते. उबुंटू, मिंटमध्ये असा ड्रायव्हर बसवताना पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारला जातो. तो पडदा घाईत ओलांडला की ड्रायव्हर बसूनही चालत नाही. शिवाय ‘सुडो’ने दिलेला आदेश संपूर्ण संगणकाचे अधिकार घेऊन चालतो. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेली, अर्थ न कळलेली ओळ तिथे चिकटवू नये.

जोडणी होते, पण तुटते का?

इथे दोष लिनक्सचा असतोच असे नाही. स्वस्त, छोटे डोंगल बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरचे ‘५जी’ लिहिलेले नाव त्यांना दिसणारच नाही. त्या ‘५जी’चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी रॅकच्या आड ठेवलेल्या संगणकाला सिग्नल मुळातच क्षीण मिळतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने कमी पोहोचतात.

आणखी एक कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. डोंगलशेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावली की वेग पडतो तो यामुळे. उपाय सोपा : मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल कॅबिनेटपासून दूर, उंचावर ठेवावा. तरीही जोडणी तुटत असेल, तर नेटवर्क मॅनेजरमधील वाय-फायची वीजबचत बंद करून पाहावी.

हे ड्रायव्हर लिहिते कोण?

काही कंपन्यांचे अभियंते आणि पुष्कळ स्वयंसेवक. रिअलटेक आणि ब्रॉडकॉमच्या चिप लिनक्सवर चालाव्यात म्हणून वर्षानुवर्षे झटलेले लॅरी फिंगर हे मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेत त्यांनी संशोधन केले. ‘फिंगराइट’ या खनिजाला त्यांचेच नाव आहे. निवृत्तीनंतर त्यांनी ड्रायव्हरचे काम अंगावर घेतले आणि जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. एखादी चिप लिनक्सवर चालायला काही वर्षे का लागतात, याचे उत्तर यात आहे : कंपनीने माहिती दिली नाही, तर कुणीतरी ती शोधून काढावी लागते.

नवा डोंगल घेताना काय पाहावे?

दुकानदाराला ‘लिनक्सवर चालतो का’ असे विचारण्यापेक्षा ‘आत चिप कोणती आणि आवृत्ती कितवी’ हे विचारावे. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत पाहावी. एमटी७६०१यू चा ड्रायव्हर २०१५ च्या ४.२ कर्नलपासून आहे. दोन्ही पट्ट्यांवर चालणारी एमटी७६१२यू हीसुद्धा कर्नलच्या ओळखीची आहे. खोक्यावर लिनक्सचे नाव छापलेले असले, तरी अनेकदा त्याचा अर्थ ‘जुन्या कर्नलसाठीचा ड्रायव्हर संकेतस्थळावर आहे’ एवढाच असतो.

संगणक जागचा हलणारच नसेल, तर नेटवर्क केबलचाही विचार करावा. ती १०० मीटरपर्यंत ओढता येते आणि डेस्कटॉपच्या लॅन पोर्टचा ड्रायव्हर लिनक्समध्ये सहसा आधीपासूनच असतो. लिनक्सची ओळख मराठीतून करून घ्यायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मोफत उपलब्ध आहेत.