नौकेच्या खिडकीतला मोतीबिंदू

गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत युरोप-अमेरिकेतील कारखान्यांतून फायबरग्लासच्या शिडाच्या नौका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या, आणि त्यांतील कितीतरी भूमध्य समुद्राच्या अथवा कॅरिबियन बेटांच्या प्रखर उन्हात अद्यापि चाकरी बजावीत आहेत. परंतु त्यांचे अंग शाबूत असले, तरी केबिनच्या खिडक्या आणि डेकवरील उघडझाप करणारी झाकणे, ज्यांना हॅच म्हणतात, ती मात्र धुरकटून केशभेगांच्या जाळ्याने भरलेली आढळतात.

ही तावदाने काचेची नसून अ‍ॅक्रिलिकची असतात. जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' व इंग्लंडात 'पर्स्पेक्स' या नावांनी १९३० नंतरच्या दशकात अवतरलेला, काचेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांस लागला. वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या त्याच्या कपच्या डोळा निमूटपणे सोसतो, हे ध्यानी घेऊन हॅरल्ड रिडले या नेत्रशल्यविशारदांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णास या पदार्थाचेच भिंग बसविले. आणि तोच पदार्थ नौकेवर स्वतः अंध व्हावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

या कसुराचे सारे खापर मालक मंडळी सूर्यावर फोडतात, ते मला सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. अतिनील किरणांस अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकांच्या जमातीत पुष्कळच पुरून उरते. मोटारीच्या दिव्यांचे पॉलिकार्बोनेट त्यामानाने लौकर पिवळे पडते. खरा घात होतो तो ताणामुळे. तापमान चाळीस अंशांनी वाढले असता मीटरभर लांबीचे तावदान सुमारे तीन मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियमची चौकट मात्र त्याच्या तृतीयांशच. आणि ज्याने घट्ट पिळलेल्या स्क्रूंनी त्याची ही वाढ कोंडली, त्यानेच भेगांना आमंत्रण धाडले. त्यात एखाद्या उत्साही गृहस्थाने अमोनियायुक्त काच-पुसणी, अ‍ॅसिटोन किंवा थिनर फिरविला, की ताणलेल्या पृष्ठावर तडे उमटलेच.

डाग किंवा ओरखडे वरवरचे असतील, तर पाण्यात भिजविलेला वॉटर पेपर सहाशे नंबरापासून दोन हजारांपर्यंत क्रमाक्रमाने, प्रत्येक वेळी दिशा पालटून, घासावा आणि शेवटी प्लास्टिकच्या पॉलिशाने झळाळी आणावी; परंतु भेगा खोल उतरल्या असतील, तर हे सारे श्रम वाया जातात, आणि वर तावदान पातळ होते ते निराळेच. शीड आवरताना माणूस बिनदिक्कत ज्यावर पाय देतो, त्या नाळेकडील हॅचच्या बाबतीत तर हयगय मुळीच क्षम्य नाही; तेथे तावदान बदलणे हाच एक उपाय.

नवे तावदान घेताना ते साच्यात ओतलेले आहे की यंत्रातून दाबून काढलेले, याची चौकशी केल्यावाचून दाम मोजू नयेत. दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून घडविलेल्या पत्र्यातील रेणूंच्या साखळ्या अधिक लांब असल्याने तो द्रावकांना आणि ताणाला अधिक काळ तोंड देतो. दुसरा स्वस्त, आणि त्या मानाने अल्पायुषी. जाडी जुन्याइतकीच ठेवावी, आणि जुने तावदान नमुन्यादाखल जपावे. कडा ज्योतीने चकचकीत करण्याची चाल दिसावयास देखणी, पण ती कडेत ताण कोंडून ठेवते. भोके बोल्टांहून मोठी पाडावीत, भोवती वाढीस जागा सोडावी, आणि सांधा भरण्यास पॉलिसल्फाइड वापरू नये, कारण ते अ‍ॅक्रिलिकला बाधते. इमारतींच्या काचा बसविण्याकरिता वापरले जाणारे तटस्थ जातीचे सिलिकोन त्या कामी योग्य. सिलिकोन सुकण्यापूर्वी चौकट आवळून ते सारे बाहेर पिळून काढणे, ही घाईच्या कारागिराची नेहमीची खोड. दोन-तीन मिलिमीटरचा थर मध्ये राहिला, तरच तो तावदानाबरोबर ताणला जाऊ शकतो.

पुढील बंदोबस्त सोपा आहे. मिठाचे कण आधी गोड्या पाण्याने वाहवून द्यावेत, मग सौम्य साबण आणि मऊ फडके. आणि नौका बंदरात निजलेली असताना प्रत्येक हॅचवर फिकट रंगाच्या जाड कापडाचे आच्छादन घालावे, कारण धुरकट रंगाचे तावदान स्वच्छ तावदानाहून अधिक तापते, आणि जुन्या नौकांवर बहुधा असते तेच.