क्रिएटिनिनचा अंक आणि वृक्कांचे वय

रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल आज खेड्यातील रुग्णाच्या पिशवीतही असतो. अंक छापील मर्यादेच्या आत असला की रुग्ण निश्चिंत होतो आणि पुष्कळदा चिकित्सकही पुढचे पान उलटतो. या निश्चिंततेविषयीच प्रस्तुत लेखात आम्हांस काही सांगावयाचे आहे. वृक्कांचे प्राकृत कार्य सर्वांच्या ठायी सारखे नसते. ते वयानुसार बदलते, आणि ज्या अंकावरून आपण ते ओळखतो तो अंक स्त्री व पुरुष यांच्यात मुळातच भिन्न असतो. ही गोष्ट ध्यानी न घेता ठरविलेली औषधमात्रा वृद्ध रुग्णास, विशेषतः वृद्ध स्त्रीस, बाधक ठरू शकते.

प्राकृत कार्य म्हणजे किती?

प्रत्येक वृक्कात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. निरोगी तरुणाची दोन्ही वृक्के मिळून मिनिटाला सुमारे १२० मि.ली. द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला १७० लिटरच्या आसपास. त्यातील ९९ टक्के द्रव पुन्हा शोषला जातो व दीड ते दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. मिनिटाच्या या गाळणीस गाळणदर अथवा जीएफआर म्हणतात आणि तो सामान्यतः १.७३ चौ.मी. शरीरपृष्ठाच्या प्रमाणात सांगितला जातो.

गर्भाच्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत नेफ्रॉनची निर्मिती पूर्ण होते. त्यानंतर आयुष्यभरात एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. नवजात बालकाचा गाळणदर अवघा २० च्या घरात असतो. पहिल्या दोन आठवड्यांत तो जवळजवळ दुप्पट होतो आणि दोन वर्षांच्या सुमारास शरीरपृष्ठाच्या हिशेबाने प्रौढांच्या बरोबरीस येतो. तिशी-चाळिशीनंतर उतार सुरू होतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निरोगी पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ही घट वर्षाला सरासरी ०.७५ मि.ली. आढळली, मात्र सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत अशी घट दिसलीच नाही. म्हणजे वार्धक्याबरोबर गाळणदर बहुतेकांचा उतरतो, परंतु सर्वांचा सारख्या गतीने नव्हे. रक्तदाब व मधुमेह ही गती वाढवितात.

येथे आपल्या संहितांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात तीस वर्षांपर्यंत बाल्य, साठपर्यंत मध्य व त्यापुढे जीर्ण वय मानले आहे आणि रुग्णपरीक्षेत वयाला स्वतंत्र स्थान दिले आहे. शार्ङ्गधरांनी तर औषधमात्रा सोळाव्या वर्षापर्यंत वाढवीत न्यावी, पुढे सत्तरीपर्यंत स्थिर ठेवावी व त्यानंतर बालकाप्रमाणे हळूहळू कमी करावी असा स्पष्ट निर्देश केला आहे. आधुनिक मापनाचा पुरावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. मात्रेचा विचार वयाशी बांधलेला असावा हा नियम आपल्या घरचाच आहे, एवढेच सुचवावयाचे आहे.

स्त्री-पुरुषभेद कोठून येतो?

क्रिएटिनिन मांसधातूतून निर्माण होते. पुरुषाचा मांसधातू अधिक, म्हणून त्याचे क्रिएटिनिनही अधिक. सामान्यतः पुरुषांत ०.७ ते १.३ व स्त्रियांत ०.६ ते १.१ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर ही मर्यादा मानतात. शरीरपृष्ठाच्या प्रमाणात पाहिल्यास दोघांच्या गाळणदरात मात्र फारसा फरक नसतो. वृद्धापकाळी दोन गोष्टी एकदम घडतात : वृक्कांची गाळणी मंदावते आणि मांसक्षयामुळे क्रिएटिनिनची निर्मितीही घटते. परिणामी रक्तातील अंक जागच्या जागी राहतो व आतील घट झाकली जाते. कृश व शाकाहारी रुग्णात हा भ्रम अधिक होतो.

उदाहरण घेऊ. पंचवीस वर्षांचा, ६५ किलो वजनाचा तरुण आणि पंचाहत्तर वर्षांची, ४५ किलो वजनाची आजी. दोघांचे क्रिएटिनिन १.१, दोन्ही अहवाल मर्यादेत. कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेले सूत्र कागद-पेन्सिलीने मांडता येते. १४० मधून वय वजा करावे, उत्तरास वजनाने गुणावे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे. स्त्री असल्यास पुन्हा ०.८५ ने गुणावे. तरुणाचे उत्तर मिनिटाला ९४ मि.ली. येते, आजीचे ३१. शरीरपृष्ठाच्या प्रमाणात उत्तर देणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-एपी सूत्राने हेच आकडे अनुक्रमे सुमारे ९५ व ५२ येतात. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र आजीचे लहान शरीर हिशेबात धरते, शिवाय वृद्धांत ते काहीसे कमी उत्तर देते. म्हणून दोहोंत अंतर पडते. पण दोन्ही सूत्रांचा कौल एकच आहे : अंक सारखा असला तरी वृक्के सारखी नाहीत.

आणखी दोन प्रसंगी सावध असावे. गर्भिणीचा गाळणदर सुमारे निम्म्याने वाढतो व क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ पर्यंत उतरते, तिच्यात १.० हा अंक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तसेच पाच वर्षांच्या, ११० सें.मी. उंचीच्या बालकात ०.९ हा अंक प्रौढांच्या कोष्टकात निर्दोष दिसतो, पण २००९ च्या श्वार्ट्झ सूत्राने त्याचा गाळणदर केवळ ५० भरतो.

व्यवहारात काय करावे?

संधिवाताने त्रस्त अशी हीच आजी आपल्याकडे येते तेव्हा रक्तदाबाची व मूत्रल गोळी तिला बहुधा चालूच असते, आणि वेदनाशामक गोळी ती परस्पर दुकानातून घेत असते. या तिहींचा एकत्र भार वृद्ध वृक्कांना एकाएकी निकामी करू शकतो. उलटी-जुलाब वा ग्रीष्मातील जलक्षय असल्यास धोका वाढतो. अशा रुग्णास यवक्षार देण्यापूर्वी विचार व्हावा, कारण तो मुख्यतः पोटॅशियमचा क्षार आहे. पुनर्नवेतही पोटॅशियम आहे. गाळणदर घटलेला असताना पोटॅशियम साचले तर त्याचा आघात हृदयावर होतो. पारदयुक्त कल्प दीर्घकाळ चालविण्यापूर्वी गाळणदर काढून पाहावा व मधूनमधून तपासावा. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी हिंगुळ, हरताळ आदी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेले कल्प चिठ्ठीवाचून देऊ नयेत, आणि वेदनाशामक गोळ्या वारंवार नेणाऱ्या वृद्ध ग्राहकास वैद्याकडे पाठवावे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंचाहत्तरीत गाळणदर ५५ आला, तो वर्षानुवर्षे स्थिर आहे, मूत्रात अल्ब्युमिन नाही आणि रक्तदाब आटोक्यात आहे, तर अशा व्यक्तीस 'किडनी खराब झाली' म्हणून घाबरविणे व महागडे कल्प गळ्यात मारणे हा अन्याय होय. एकच अंक पाहून निदान करू नये. गाळणदर ६० पेक्षा कमी किमान तीन महिने टिकला आहे का, हे पाहावे. मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर दर ग्रॅमला ३० मि.ग्रॅ.च्या आत असल्यास ते प्राकृत समजतात. मागील अहवाल मागवून उताराची गती जोखावी. गती वेगवान असेल, मूत्रात अल्ब्युमिन जात असेल किंवा गाळणदर ३० च्या खाली गेला असेल, तर वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये.

रुग्णपत्रिकेवर नाडी व रक्तदाब यांच्या शेजारी वय, वजन, क्रिएटिनिन व त्यावरून काढलेला गाळणदर अशी एक ओळ नित्य लिहिली जावी, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे. त्या ओळीस दोन मिनिटे लागतात. मात्रा मात्र तिच्यावरून ठरावी.